अकराव्या प्रश्नाचा चौकोन

१२ फेब्रुवारी

चि. खारू,

एक्केचाळिसाव्या वर्षी 'चिरंजीव' चालत नसेल तर खोडून टाक. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं.

पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला रागावू नकोस. शिकायला इथे आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ती आमच्या चष्म्याच्या दुकानात येऊन उभी राहिली. मी मागे काच घासत होते. मान वर केली तर समोर तुझी हनुवटी! "तुम्ही माझ्या आत्या ना?" म्हणाली. मी म्हटलं, "आत्याला कोणी 'तुम्ही' म्हणतं का?" तेव्हापासून दर रविवारी येते. तुला तिने अजून सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगते. तुझ्या पाठीमागे काही चालू नये.

आता बातमी. मी विमान चालवायला शिकले. हसून घे, मी थांबते.

झालं? दोन माणसांचं छोटं विमान. परवाना हौशी वैमानिकाचा. त्यावर नोकरी मिळत नाही, भाडं घेता येत नाही. दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, सोबत एक माणूस घेऊन उडायचं आणि परत यायचं, बस. परीक्षा दोन तारखेला झाली. परीक्षकाने मध्येच इंजिन बंद पडल्याचं सोंग केलं आणि विचारलं, "आता कुठे उतरणार?" मी एक शेत दाखवलं. तो म्हणाला, "तिथे विजेच्या तारा आहेत." मी म्हटलं, "त्या दिसल्या म्हणून तर त्यांच्या अलीकडचं दाखवते आहे." त्याने कागदावर काहीतरी खरडलं. खाली उतरल्यावर म्हणाला, "पास."

कागद परवाना कार्यालयात गेलेत. उड्डाणांच्या वहीच्या प्रती, फोटो, प्रकृतीचं प्रतिज्ञापत्र, सगळं नीट भरून. सहा आठवडे तरी लागतात म्हणे. त्यांच्या साइटवर अर्जाचा क्रमांक टाकला की एकच ओळ दिसते: 'छाननी सुरू आहे.' दिवसातून एकदाच बघायचं ठरवलंय. तीनदा बघते.

पास झाल्यावर कोणाला सांगावं असा प्रश्न पडला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दुकानात सांगितलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचं गिऱ्हाईक आलं. मग तुझं नाव आठवलं. खरं तर तेच आधी आठवलं होतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई


२७ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाहीच आलं. पण लेकीला तू फोनवर विचारलंस म्हणे, "ताईची तब्येत कशी आहे?" एवढंच. विमानाबद्दल एक शब्द नाही, तिच्या चोरून येण्याबद्दल नाही. माणूस सगळं सोडून तब्येतच का विचारतो?

तब्येत उत्तम आहे. लेकीलाही म्हटलं, तेच सांग.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. फ्लाइंग क्लबमध्ये शिकवणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. सत्तरीचे, तोंडाने तिखट. त्यांच्यासाठी चष्मा केला. लांबचं दिसायचं, जवळचं दिसायचं, पण विमानातले काटे धूसर दिसायचे. दोनदा काच बदलली, दोनदा परत आले. "तुम्ही लोक पुस्तक वाचायला चष्मे करता. माझं पुस्तक हातभर लांब आहे," म्हणाले. शेवटी मी टेप घेऊन मैदानावर गेले आणि त्यांना विमानात बसवून डोळ्यापासून काट्यांपर्यंतचं अंतर मोजलं. बहात्तर सेंटिमीटर. तिसरा चष्मा बरोबर बसला. खुशीत येऊन त्यांनी मला एक चक्कर मारून आणली. बाबा गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. बाबांचं उठणं, बसणं, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाणं, ह्यात माझी दहा वर्षं गेली होती आणि ते गेल्यावर हातांना काम उरलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी नाव घातलं.

लोक विचारतात, बारा वर्षं गाडीला हात लावत नाहीस आणि विमान कसं चालवतेस? मी म्हणते, वर समोरून ट्रक येत नाही. लोक हसतात, विषय संपतो.

तू हसला नसतास, माहीत आहे.

लेक म्हणते, "आत्या, परवाना आला की पहिली मी. शेजारी मीच बसणार." तिने तारीखही धरून ठेवलीय, एप्रिलचा दुसरा रविवार. मी हो म्हटलंय. तुझी हरकत नसावी.

ताई


१४ मार्च

खारू,

कागद परत आले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की सगळं नीट भरलं. ते तसं नव्हतं. प्रकृतीच्या प्रतिज्ञापत्रात चोवीस प्रश्न असतात. प्रत्येकापुढे दोन चौकोन, हो आणि नाही. दमा? नाही. मधुमेह? नाही. अकरावा प्रश्न: 'पूर्वी कधीही, कोणत्याही कारणाने, क्षणभर का होईना, शुद्ध हरपली आहे काय?' तिथे पेन थांबलं. मी म्हटलं, शेवटी भरू. मग शेवटी सही केली आणि पाकीट चिकटवलं.

विसरले म्हणशील तर विसरले. दुकानात दिवसभर अर्ध्या मिलिमीटरचा फरक ओळखणारी बाई चौकोन विसरली.

आता त्यांचं पत्र आलंय, 'प्रश्न क्र. ११ अनुत्तरित. एकवीस दिवसांत दुरुस्ती पाठवावी.' सोबत दुरुस्तीचा कागद. क्लबातल्या कारकून बाईंना फोन केला.

"अहो, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "नाहीवर खूण करा आणि टाका पेटीत. सगळे तेच करतात."

"सगळे?"

"एखाद्याला लहानपणी उन्हात चक्कर आली असेल. ते कोण लिहीत बसतं? लिहिलं की गेलं वर्ष डॉक्टरांच्या दारात."

कागद टेबलावर आहे. त्यावर काही सांडू नये म्हणून मी चहा उभ्यानेच पिते.

ताई


२० मार्च

खारू,

हे पत्र लिहू नये असं वाटतंय, म्हणून पटकन लिहून टाकते.

सोबत तो कागद पाठवते आहे. उत्तर 'नाही' असेल तर खाली एका जवळच्या नातेवाइकाची सही लागते, 'माझ्या माहितीप्रमाणे वरील उत्तर खरे आहे' अशी. काका आहेत, पण त्यांचा हात थरथरतो आणि ते शंभर प्रश्न विचारतील. जवळचा म्हणावा असा तूच. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. बाकी मी भरेन.

तुला काही दिसलं असेल असं मी धरत नाही. त्या दिवशी सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. तू रागात होतास. तू गाव सोडून जाणार म्हणालास, मी ओरडले, गाडीत मागच्या सीटवरून बाबा दोघांना ओरडले. अशा वेळी कोणाचं लक्ष कुठे असतं?

आणि कुणाची क्षणभर मान कलली, तर त्याला शुद्ध हरपणं म्हणतात का? डोळ्यांवर ऊन आलं असेल.

डॉक्टरांनीही तेव्हा नक्की काही सांगितलं नव्हतं. गोळ्या दिल्या, त्या मी दोन वर्षं घेतल्या. मग बंद केल्या. त्यानंतर एकदाही काही झालेलं नाही.

बघ, डॉक्टरांचंही लिहून बसले. तुला हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

सही करून पाठव. तुझ्यापाशी मी आजवर काही मागितलेलं नाही.

ताई


३१ मार्च

खारू,

काल दुकानात फोन वाजला तेव्हा समोर दोन गिऱ्हाइकं होती. तू "ताई" म्हणालास आणि मी त्यांना हाताने थांबवलं. बारा वर्षांनी तुझा आवाज ऐकला, पण मला धड बोलता आलं नाही. म्हणून आपण काय बोललो ते इथे लिहिते. मला ते विसरायचं नाही.

तू म्हणालास, "पोरीला शेजारी बसवणार आहेस?"

मी म्हटलं, "ती हट्ट करते आहे."

"तुझी मान खाली गेली होती, ताई. डोळे उघडे होते. मी दोनदा हाक मारली. मग स्टिअरिंग धरलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सही करणार नाही. कागद फाडलाय."

मग मी ते विचारलं. विचारायचा मला काही अधिकार नव्हता, तरी विचारलं. "मग इस्पितळात तू बोलला का नाहीस?"

तू म्हणालास, "तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

एवढं बोलून तू फोन ठेवलास. मी त्या दोघांना चष्मे दिले. पैसे घ्यायचे राहिले, त्यांनीच आठवण केली.

आता सरळ लिहिते. पुन्हा मागे फिरायला नको.

अपघाताच्या दोन महिने आधी, दुकानात काच घासताना मी काही सेकंद हरवले. भानावर आले तेव्हा काच अर्धी झिजून गेली होती आणि चाक रिकामंच फिरत होतं. कोणी पाहिलं नाही. मी काच कचऱ्यात टाकली आणि दुसरी घेतली. म्हणजे गाडी चालवू नये हे मला त्या दिवसाआधीच ठाऊक होतं. तरी चावी माझ्या हातात होती, कारण तू मागितलीस तेव्हा मी म्हटलं होतं, "राहू दे, तुझं डोकं ठिकाणावर नाही."

झाडावर आपटण्याऐवजी आपण उतारावरून घसरलो ते तुझ्यामुळे. बाबांच्या कंबरेचं हाड मोडलं, पण तिघं जिवंत राहिलो. इस्पितळात बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "ह्याने स्टिअरिंग ओढलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी किती वेळा त्या वाक्याशी खेळले असेन! खोटं नव्हतंच ना, म्हणायचे. तू दारात उभा होतास. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, हा आता बोलेल. तू खाली मान घातलीस, आणि मी ठरवून टाकलं की हा गुन्हा कबूल करतोय.

बाबा म्हणाले, "ह्याला माझ्या नजरेसमोरून न्या." तुझी लेक सात वर्षांची होती तेव्हा.

आणि गोळ्या बंद केल्यावर एकदाही नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं, तेही खोटं आहे. गेल्या वर्षी जुलैत, ओट्यापाशी. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि मी हातात चमचा धरून उभी होते. तेव्हा माझी एकट्याने चौदा उड्डाणं झाली होती. त्यानंतर आणखी नऊ केली.

ताई


१२ एप्रिल

खारू,

आजचा तो रविवार.

कागद मुदत संपायच्या आतच गेला. नवा मागवून घेतला आणि अकराव्या प्रश्नात 'हो'वर खूण केली. खाली तपशिलाला दोन ओळींची जागा होती, मी तीन पानं जोडली. पोस्टातल्या माणसाने वजन केलं आणि म्हणाला, "जाड आहे हो." मी म्हटलं, "बारा वर्षांचं आहे." त्याला काय कळणार, त्याने तिकिटं चिकटवली.

आज सकाळी मैदानावर गेले. कॅप्टन विमानाखाली वाकून चाकाची हवा बघत होते. मी उभ्यानेच सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, बरं झालं सांगितलंत. ते उठले, हात पुसले आणि चष्मा काढला. मीच केलेला.

"क्लबाच्या कागदावर तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"प्रकृती उत्तम."

"मी तुम्हाला एकटं सोडलं," ते म्हणाले. "तेवीस वेळा. धावपट्टीच्या त्या टोकाला शाळा आहे, बाई. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात येऊन तुम्हाला हात करायची."

"हो."

"तुम्हीही पंख हलवून दाखवायचात."

ते म्हणाले, "विमानाची चावी ऑफिसातल्या टेबलावर ठेवा आणि जा." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी लेक आली, परवाना आलाच असेल असं धरून स्कार्फबिर्फ बांधून. तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. संपल्यावर तिने विचारलं, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत नाही?"

"नाही."

"आजोबा गेले तेव्हा माझे बाबा तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत आले. पायऱ्यांवर काका उभे होते म्हणून आत गेले नाहीत. मी सोबत होते." तिने स्कार्फ सोडून पिशवीत घातला. "तू खिडकीत होतीस. मला वाटलं होतं, तू हाक मारशील."

ती गेली. ह्यानंतरच्या रविवारी येईल की नाही, माहीत नाही.

ताई


९ जून

खारू,

काल रात्र व्हायच्या आत घरी पोचले. तुझ्याकडे जे झालं ते तुला माहीत आहे, पण मी ते माझ्या बाजूने लिहून ठेवते, कारण तुझ्यासमोर माझी वाक्यं अर्धी राहत होती.

परवाना कार्यालयाचं उत्तर मेच्या शेवटी आलं. साइटवरची ओळ बदलली होती, 'नाकारला'. पत्रात म्हटलंय की मेंदूच्या तज्ज्ञाकडून तपासणी होऊन पुढची काही वर्षं एकही झटका नसल्याचं सिद्ध झालं, तर पुन्हा अर्ज करता येईल. तज्ज्ञाकडे गेले. फिटचाच हा एक प्रकार आहे म्हणाले. हातपाय झाडत नाहीत, फक्त माणूस थोडा वेळ तिथे नसतो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. घासायच्या यंत्रावरून मला काढलंय, आता मी पुढे बसून गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवते.

मग काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? तुझा बाप गेला." मी म्हटलं, "उपयोग काही नाही, काका. पण तुम्ही बारा वर्षं खारूला नावं ठेवलीत, ती आता मला ठेवा." मग म्हणाले, "पोराला फाटकातून परत पाठवलं आपण." आपण म्हणाले. ते मला पुरलं.

तुझ्या दारात मी न कळवता आले, कारण कळवलं असतं तर तू 'नको' म्हणाला असतास आणि मला ते सोयीचं झालं असतं. तुझ्या बायकोने दार उघडलं. मी चपला न काढताच सांगायला सुरुवात केली, तर तीच म्हणाली, "ताई, आधी बसा तरी." मी बसले आणि सांगितलं. तू भिंतीला टेकून उभा होतास.

ती तुझ्याकडे वळून म्हणाली, "बारा वर्षं मी तुम्हाला गाडीत पुढे बसू दिलं नाही. पोरीला शाळेत सोडायचं तरी मीच. तुम्ही एकदा तरी बोलायचं ना!" तू म्हणालास, "तू विश्वास ठेवला असतास?" ती उठली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. त्या नळाचा आवाज अजून कानात आहे.

मग तू माझ्याशी बोललास.

"बाबांना सांगायला हवं होतंस."

"हो."

"ते असताना."

"हो."

"मग आता मी ह्याचं काय करू, ताई?"

माफ कर असं मी म्हटलं नाही, कारण मग ते ओझंही तुझ्याच गळ्यात पडलं असतं. तूही ते दिलं नाहीस. बरं केलंस.

बसथांब्यावर मात्र तू एकदम विचारलंस, "वरून कसं दिसतं गं?" मी म्हटलं, "छान दिसतं," आणि बस आली. ते उत्तर चुकीचं होतं. आता नीट देते.

पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हा कॅप्टन खाली उतरले, दार बाहेरून लावलं आणि दोनदा थापटलं. त्यांचं वजन नव्हतं, म्हणून विमान नेहमीपेक्षा लवकर जमिनीवरून सुटलं. पूल गेला, पाण्याच्या टाक्या गेल्या. मग आपला तो उताराचा रस्ता दिसला. वळण बोटभर होतं. एवढ्याशा वळणावर कोणाचं काय बिघडणार, असं वाटावं इतकं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मी मोठ्याने गाणं म्हणत होते. खाली आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, मोकळं वाटलं. खरंच वाटलं होतं. का, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. शेजारी बसून माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन. सुटायच्या आधी मी तिला म्हटलं, "मला कधीकधी काही सेकंद भान राहत नाही. डोळे उघडे असतात, पण मी नसते. तसं दिसलं तर हात धरा."

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि पिशवी पायाशी ठेवून तिने दोन्ही हात मोकळे केले.

ताई